दुसरा प्रतापगड : जंगल, तलाव आणि कॅमेऱ्याचा डोळा

प्रतापगड म्हटले की महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे एकच किल्ला उभा राहतो : जावळीचे खोरे, १६५९ साल, अफजलखान. त्याच नावाचा आणखी एक गड राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. पहिल्याची छायाचित्रे दिनदर्शिकांवर आणि पाठ्यपुस्तकांत छापली गेली. दुसरा झाडीपट्टीबाहेर फारसा कोणाला ठाऊकही नाही.

या दुसऱ्या प्रतापगडावर महादेवाचे स्थान आहे आणि त्याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते, दर्ग्यावर उरूस भरतो. सभोवती साग, मोह आणि तेंदूचे जंगल, धानाची बांधी आणि तलाव. तालुक्याच्या एका बाजूला नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय, दुसरीकडे इटियाडोह धरण. गडाच्या शेजारी नॉर्ग्येलिंग नावाची तिबेटी निर्वासितांची वसाहत. एकाच तालुक्यात इतके सारे. तरीही या भूमीची जी प्रतिमा जगापुढे गेली, तीत यातले बरेचसे गळून पडलेले दिसते. काय टिपले गेले आणि काय गळले, याचा इतिहास शंभरावर वर्षांचा आहे.

१८५३ साली नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. हा सारा मुलूख, म्हणजे त्या वेळचा भंडारा जिल्हा, इंग्रजी कारभाराखाली आला. हाच काळ हिंदुस्थानात कॅमेरा रुजण्याचा. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. १८५७ नंतर सरकारला आपल्या प्रजेची ‘ओळख’ करून घेण्याची निकड भासू लागली आणि १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह निघाला. जमीन मोजावी, जंगल मोजावे, तशीच माणसेही जातीजमातीनिहाय मोजून चिकटवून ठेवावीत, अशी त्यामागची दृष्टी होती.

मध्य प्रांतापुरते हे काम पूर्णत्वास नेले ते आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी. ‘द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया’ हा त्यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. ग्रंथ मोलाचा आहे, यात शंका नाही. विदर्भातील अनेक जातीजमातींच्या चालीरीतींची इतकी तपशीलवार नोंद दुसरीकडे क्वचितच सापडते. पण त्यातील छायाचित्रे चाळावीत आणि त्यांखालच्या ओळी वाचाव्यात. प्रवासाला निघालेले गोंड. बाजारात बांबूच्या गाड्यांसह आलेले गोंड. पायांच्या मागील बाजूचे गोंदण दाखवणाऱ्या गोंड स्त्रिया. नृत्याच्या वेशातील माडिया.

नाव एकाचेही नाही. गोंदण कोणाच्या पायांवर आहे, ती बाई कोणत्या गावची, तिला पाठमोरी उभे राहायला कोणी सांगितले, हे वाचणाऱ्याला कळत नाही. छायाचित्रात व्यक्ती असते, मजकुरात मात्र ‘नमुना’ असतो. त्या काळच्या मानववंशशास्त्राची ही सर्वत्र आढळणारी पद्धत होती, एवढे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. कारण त्याच ग्रंथात या परिसराशी थेट निगडित असे एक प्रकरण आहे, ते कोहळी जातीचे. वैनगंगेच्या खोऱ्यातील मोठमोठे तलाव या शेतकऱ्यांनी बांधले आणि जमिनीचा उतार नजरेने ओळखण्याचे त्यांचे कौशल्य विलक्षण होते, असे ग्रंथकर्ते मोकळेपणाने मान्य करतात. म्हणजे जमातीचे ज्ञान मजकुराच्या वाट्याला आले आणि कॅमेऱ्याच्या वाट्याला नृत्य, गोंदण व बाजार आले. ज्ञानाचे छायाचित्र काढणे कठीण असते, हेही खरे.

नवेगावबांधचा जलाशय हे त्या ज्ञानाचे सर्वात मोठे उदाहरण. डोंगरांच्या खिंडी बांधांनी अडवून कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी तो निर्माण केला, अशी जुन्या गॅझेटिअरमधील नोंद आहे. कोलू पाटील पुढे ‘कोलासूर’ या नावाने देवत्व पावले. तलावाभोवतीच्या एका शिखरावर त्यांचे ठाणे आहे आणि इतर शिखरांना ‘सात बहिणी’ म्हणतात. या बहिणींनी रात्री येऊन बांधाच्या कामाला हात लावला, अशी श्रद्धा. आज नवेगावबांधच्या जलाशयाचे सूर्यास्ताचे छायाचित्र ‘निसर्गरम्य’ म्हणून पाहिले जाते, तेव्हा पाहणाऱ्याच्या मनातही येत नाही की समोरचे पाणी माणसाने अडवलेले आहे.

निर्मनुष्य निसर्गाची ही आवड मात्र येथली नव्हे. तिचा उगम शोधायचा तर अमेरिकेत जावे लागते. १८७१ मध्ये हेडन यांच्या सर्वेक्षण मोहिमेबरोबर विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार यलोस्टोनच्या प्रदेशात गेला. त्याची छायाचित्रे आणि थॉमस मोरान याची चित्रे अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांसमोर मांडली गेली आणि १ मार्च १८७२ रोजी जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. निसर्गरक्षणासाठी छायाचित्राचा असा उपयोग व्हावा, ही मोठीच घटना होती. परंतु शोशोनी आणि इतर मूळ रहिवासी ज्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते, ती भूमी या चित्रांतून ‘अस्पर्श’ म्हणून लोकांपुढे गेली. पुढे त्या रहिवाशांना उद्यानातून बाहेर काढण्यात आले. आधी चौकटीतून गेले आणि मग भूमीतून, असा हा क्रम.

हिंदुस्थानात वन्यजीवांचे छायाचित्रण शिकारीच्या सावलीतच वाढले. मेलेल्या वाघावर पाय रोवून उभा असलेला साहेब, हे त्या काळचे ठरलेले दृश्य. त्याला पहिला मोठा छेद दिला फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन या संयुक्त प्रांतातील वनाधिकाऱ्याने. जंगलवाटेवर तार ताणून ठेवायची, वाघाचा पाय तिला लागला की दिव्याचा लखलखाट होतो आणि वाघ आपले छायाचित्र आपणच काढून घेतो. १९२५ मध्ये त्याची चित्रे ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये झळकली आणि १९२७ मध्ये ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक आले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यावरून तो ओळखता येतो, हेही चॅम्पियनच्या ध्यानात आले होते. या निरीक्षणाची किंमत कळायला पुढे सत्तर वर्षे जावी लागली.

आता पुन्हा प्रतापगडाकडे. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांच्या अंतराने या परिसरात घडलेल्या घटना शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हजारो तलाव सरकारच्या ताब्यात गेले. १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झाले. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्याच वर्षी प्रतापगडाजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. तीन वर्षांच्या आत एकाच तालुक्यात एका दूरच्या समाजाला जमीन मिळाली आणि जवळच्या समाजांचे जंगलाशी असलेले नाते कायद्याने बदलले.

नॉर्ग्येलिंगच्या वस्तीला तिबेटी प्रशासनाच्या कागदोपत्री अजूनही ‘भंडारा’ हेच नाव लागते. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, याची खबर त्या कागदांना नाही असे दिसते. हिमशिखरांच्या देशातून आलेली माणसे येथे वैनगंगेच्या खोऱ्यातील उन्हाळा सोसत धान पिकवू लागली. या समाजासाठी छायाचित्राचा अर्थच निराळा आहे. तिबेटमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दलाई लामांचे छायाचित्र जवळ बाळगण्यावर बंदी आली. भारतातील तिबेटी वसाहतींत मात्र तेच छायाचित्र प्रार्थनास्थळात आणि घराघरांत उघडपणे विराजमान असते. एखादी चौकट एका देशात गुन्हा ठरते आणि दुसऱ्या देशात देव्हारा, हे पाहिले की छायाचित्र ही निरुपद्रवी वस्तू आहे असे म्हणवत नाही.

नवेगावच्या जंगलाची ओळख मराठी वाचकाला झाली ती छायाचित्रांआधी शब्दांतून. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून येथे काळ घालवला आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिले. १९३२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर काही महिन्यांतच दिवंगत झालेल्या या लेखकाचे वैशिष्ट्य असे, की पक्ष्यांची आणि झाडांची स्थानिक नावे त्यांनी कोळी, ढीवर, गोंड आणि पारधी यांच्या तोंडून ऐकली, टिपली आणि कोशांत नेली. त्यांच्या लेखनात जंगल कधीच निर्मनुष्य नसते. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ही याच टापूतले. वन्यजीवनाची गोडी मराठी वाचकाला लागली ती मुख्यतः अशा पुस्तकांमुळे. चकचकीत नियतकालिकांमुळे नव्हे.

मग ट्रॅप कॅमेरा आला. त्याचे तत्त्व साधे आहे. उष्ण शरीर समोरून हलले की अवरक्त संवेदक जागा होतो आणि चित्र निघते. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असल्याने वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे या चित्रांवरून वाघांची संख्या काढण्याची शास्त्रशुद्ध रीत रूढ केली. चॅम्पियनच्या निरीक्षणाला अखेर गणिताची जोड मिळाली. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे बसवले गेले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे निघाली. गिनीज बुकाने तिची जागतिक विक्रम म्हणून नोंद केली. त्यांपैकी वाघांची चित्रे ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७. उरलेल्या कोट्यवधी चित्रांत हरणे, रानडुकरे, गुरे होती आणि माणसेही होती.

नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्प झाला. याच सुमारास येथला एक वाघ देशभर गाजला. नागझिऱ्यात जन्मलेल्या दोन भावांना ‘शोले’वरून जय आणि वीरू अशी नावे मिळाली होती. जय २०१३ मध्ये शंभरावर किलोमीटर अंतर तोडून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात पोहोचला. तो नागझिऱ्याचाच, हे ओळखले गेले ते छायाचित्रांतील पट्ट्यांवरून. वाघांना रस्ते आणि शेते ओलांडत दोन जंगलांमधला प्रवास करावा लागतो, हा संचारमार्गांचा मुद्दा त्याच्यामुळे सामान्य माणसापर्यंत गेला. एप्रिल २०१६ नंतर जय दिसला नाही. त्याच्या बेपत्ता होण्याची चर्चा वर्तमानपत्रांतून महिनोन्‌महिने चालली.

या ठिकाणी १९१६ चा ग्रंथ पुन्हा उघडावा. गोंदणाची स्त्री अनामिक राहिली. तिच्याच मुलखातील वाघाला शंभर वर्षांनी नाव मिळाले, भाऊ मिळाला, जन्मस्थान मिळाले, चरित्र मिळाले. यात वाघाचा दोष नाही. त्याला व्यक्तिमत्त्व मिळाले म्हणून त्याच्या रक्षणाला बळ मिळाले, हे कॅमेऱ्याचे थोर उपकारच. प्रश्न एवढाच की तोच न्याय माणसाला का लागू झाला नाही.

नवेगावच्या जंगलातील कवलेवाडा, कालीमाटी आणि झनकारगोंदी ही तीन गावे २०१० च्या दशकाच्या आरंभी उठवून सौंदडजवळ वसवण्यात आली. दिलेली आश्वासने पुरी झाली नाहीत, अशी तक्रार करीत विस्थापित पुढे जंगलाकडे परत निघाल्याच्या बातम्याही आल्या. जय नावाचा वाघ महाराष्ट्राला ठाऊक झाला. ही तीन नावे जिल्ह्याबाहेर कितीजणांनी ऐकली असतील?

कॅमेरा दुसऱ्या अर्थानेही त्रास देऊ शकतो. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठातील संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी चौदा महिने राहून केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जळण आणि गवत आणायला जंगलात जाणाऱ्या स्त्रियांची चित्रे वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत निघत होती आणि एका स्त्रीचे अर्धनग्नावस्थेतील चित्र गावातील समाजमाध्यमांवर पसरल्याची घटनाही घडली होती. जनावरे दूर राहावीत म्हणून या स्त्रिया मोठ्याने बोलत, गात जंगलातून जात. कॅमेऱ्यांच्या भीतीने त्यांचा आवाज खाली आला, असे या अभ्यासात दिसून आले. आवाज खाली आला की धोका वाढतो. गोंदियाच्या जंगलात मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचायला पहाटे निघणाऱ्या बायांची संख्या काही कमी नाही. झाडाला बांधलेल्या पेटीपुढून जाताना त्यांनाही हा विचार करावा लागत असेल.

तथापि या भागातच निराळ्या प्रकारच्या नोंदींचीही परंपरा आहे. माजी मालगुजारी तलावांना येथे थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे सुमारे सात हजार तलाव आहेत. मालगुजारी गेल्यावर पाळीची डागडुजी, गाळ काढणे आणि पाणी सोडण्याचे नियम यांची जुनी घडी विस्कटली. गाळ साचला, बेशरमीची झुडपे माजली, बाहेरून आणून सोडलेल्या माशांमुळे स्थानिक जाती मागे हटल्या. अर्जुनी मोरगाव परिसरात काम करणाऱ्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजाबरोबर या तलावांचा अभ्यास मांडला. कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीत अंडी घालतो, कोणती वनस्पती कोठल्या खोलीत वाढते, हे ज्ञान मासे धरणाऱ्यांकडेच होते. त्याच्या आधारे बेशरम उपटून, उन्हाळ्यात तळ नांगरून, स्थानिक वनस्पती पुन्हा लावण्याचे काम झाले. त्यात स्त्रियांचा वाटा मोठा. गुडघाभर चिखलात उभ्या राहून रोप लावणाऱ्या ढीवर बाईचे छायाचित्र हे वाघाच्या छायाचित्राइतकेच ‘वन्यजीव छायाचित्र’ आहे. ते स्पर्धांत पाठवले जात नाही, ही गोष्ट वेगळी.

सारस क्रौंचाची कथाही याच वळणाची. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळजवळ गोंदिया जिल्ह्यापुरताच उरला आहे आणि अलीकडे त्याची संख्या तीसच्या आगेमागे असते. तो घरटे बांधतो ते धानाच्या बांधीत आणि तलावाच्या कडेला, म्हणजे शेतकऱ्याच्या आणि ढीवराच्या अंगणात. ‘सेवा’ या स्थानिक संस्थेचे कार्यकर्ते दरवर्षी शेजारच्या बालाघाटसह त्याची गणना करतात आणि शेतकऱ्यांना सोबत घेऊन घरट्यांवर लक्ष ठेवतात. येथे माणसाला चौकटीबाहेर काढणे शक्यच नाही. सारसाच्या चित्रात बांध येतो, धान येते, मागे औत येते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जुन्या नोंदींना एक अनपेक्षित उपयोग दिला. सामूहिक वनहक्काचा दावा करताना ग्रामसभेला पुरावे जोडावे लागतात आणि कायद्याच्या नियमांतील तेराव्या नियमात त्यांची यादी आहे. गॅझेटिअर, जमाबंदीचे अहवाल, जुने नकाशे आणि उपग्रहचित्रे त्यात येतात. चालीरीतींची नामांकित संस्थांनी केलेली नोंद चालते. गावातील वडीलधाऱ्यांचे कथन चालते. जमिनीवरच्या खुणाही पुरावा ठरतात : बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने. या खुणा दाखवायच्या तर त्यांची छायाचित्रे काढणे आलेच.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला, त्यानंतर गोंदिया जिल्ह्यातीलही अनेक ग्रामसभा या वाटेने गेल्या आणि तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. ज्या गॅझेटिअरसाठी त्यांच्या पणज्यांना न विचारता सारे लिहिले गेले, त्याचेच पान आता पणतू दाव्याला जोडू शकतात. सोबत मोबाइलवर काढलेले पाळीचे आणि देवाच्या ठाण्याचे चित्र आणि त्याखाली, १९१६ च्या ग्रंथात नव्हते ते सारे : गावाचे नाव, तलावाचे नाव, तारीख आणि चित्रात उभ्या असलेल्या माणसांची नावे.